जुन्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स घरी कसं बसवायचं (आणि कुठे जोर लावायचा नाही)

इंजिन काढणं सोपं असतं हो. काढताना एखादी वायर तुटली, एखादा पाइप वाकला तरी चालून जातं कारण पुढे गाडी महिनोन्महिने तशीच उभी राहणार असते. खरी परीक्षा बसवताना. मी हे आत्तापर्यंत तीनदा केलंय, पहिल्या वेळी अख्खा दिवस गेला आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ स्वतःच करून ठेवलेले घोळ निस्तरण्यात, तिसऱ्या वेळी क्रेनला लटकवल्यापासून माउंटिंगवर टेकेपर्यंत पाऊण तास लागला. मधल्या काळात मी काही फार हुशार झालो नाही, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की जिथे जोर लावावा लागतोय तिथे काहीतरी चुकलेलं असतं. त्या चुकीच्या जागा कुठल्या कुठल्या, ते खाली सविस्तर लिहितोय.

हे सगळं पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे इंजिन उभं लांबीत बसतं, मागे गिअरबॉक्स आणि त्यामागे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा. इंजिन आडवं बसणाऱ्या गाड्यांची तऱ्हा वेगळी.

आधी हे ठरवा की इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर जोडून एकत्र सोडायचं की गिअरबॉक्स गाडीखालून वेगळा चढवायचा. माझं मत विचाराल तर पुढून जागा असेल तर एकत्रच सोडा. घरी लिफ्ट नसते, गाडीखाली पाठीवर झोपून छातीवर ३०-४० किलोचा गिअरबॉक्स घेऊन स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे उभे दाते, क्लच प्लेटमध्ये जुळवत बसणं म्हणजे शिक्षा आहे, आणि त्यात क्लच प्लेटची वाट लागायची शक्यता जास्त. एकत्र सोडताना कोन सांभाळावा लागतो एवढंच.

जागा आणि सामान

फरशी कडक आणि सपाट पाहिजे. क्रेनची चाकं छोटी असतात, एखादा खडा किंवा फरशीची फट आली की चाक अडतं आणि वर लटकलेलं दीड-दोनशे किलोचं धूड झोका घेतं. खाली जाड प्लायवूडचे तुकडे टाकले की हा त्रास जातो. ओतीव लोखंडाचं चार सिलिंडरचं इंजिन साधारण १३० ते १८० किलो, वर गिअरबॉक्स, आणि व्ही-८ असेल तर नुसतं इंजिनच अडीचशेच्या पुढे. क्रेनच्या दांड्यावर भोकं असतात आणि प्रत्येक भोकापाशी किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा. दोन टनाची क्रेन म्हणून विकत किंवा भाड्याने आणलेली असते पण दांडा पूर्ण बाहेर काढला की तीच क्रेन साधारण अर्ध्या टनाची होते. घराच्या छताच्या हुकाला किंवा पत्र्याच्या शेडच्या पाइपला चेन पुली लावायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडून द्या.

लोड लेव्हलर नावाचा एक दांडा मिळतो, हँडल फिरवलं की इंजिनाचं नाक वर-खाली होतं. पहिल्यांदा मी तो घेतला नव्हता, दोरी आणि साखळीच्या कड्या बदलत बसलो होतो. घ्याच. बाकी गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, ट्रॉली जॅक, लाकडाचा ठोकळा, डोक्याला लावायचा टॉर्च, भरपूर चिंध्या आणि हाताशी एक आग विझवायचा सिलिंडर.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर ठेवा, नुसत्या जॅकवर अजिबात नाही, आणि घोड्या चासीच्या मजबूत भागाखाली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. उंचीचं गणित जरा विचित्र आहे, गाडी जितकी वर तितकं खाली काम सोपं पण इंजिनला पुढच्या पॅनलवरून पार करायला क्रेन तितकी जास्त उचलावी लागते. म्हणून लटकवण्याआधी नुसती रिकामी क्रेन आत घालून बघा, पाय गाडीखाली जातायत का, हुक पूर्ण वर केल्यावर सम्पची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तसराळ्याची, खालची कड पॅनलच्या वरून जाईल का. टेप लावून मोजा, अंदाज नको.

रिकामी जागा बघून घ्या, परत दिसणार नाही

इंजिन नसताना जी जागा दिसते ती पुढची दहा वर्षं दिसणार नाही. त्यामुळे ब्रेकचे पाइप, स्टिअरिंग बॉक्सचं सील, हीटरचे पाइप, क्लचचा पाइप, वायरिंग, हे सगळं आत्ता. धुणं, रंग मारणं पण आत्ताच. मग फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, जाड पुठ्ठा चिकटवा, वायरिंग आणि केबल वर ओढून बांधून टाका, फेंडरच्या कडांवर जुनी गोधडी. रेडिएटर, ग्रिल आणि जमत असेल तर पुढचं वरचं पॅनल काढून ठेवा. बोनेट काढताना बिजागरांभोवती मार्करने रेघ मारा, शेवटी ती रेघ तुम्हाला अर्धा तास वाचवून देते. आतून गिअरचा दांडा काढा.

माउंटिंगचे रबर, ज्याला बरेच जण फाउंडेशन म्हणतात, ते नवीनच घाला. जुनं रबर वरून ठीक दिसतं पण तेलाने फुगलेलं असतं किंवा धातूपासून सुटलेलं असतं. चासीवरच्या बोल्टांच्या भोकांतून एकदा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ करून घ्या, आणि प्रत्येक बोल्ट हाताने पूर्ण आत जातो का ते आत्ता रिकाम्या जागेत बघा. वर इंजिन लटकत असताना आटे गेलेत हे कळण्यासारखा मनस्ताप नाही.

फ्लायव्हील आणि क्लच

इथे एक गंमत आहे जी नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. इंजिन स्टँडवर मागच्या तोंडाने बोल्ट केलेलं असतं, म्हणजे जिथे फ्लायव्हील, क्लच ज्यावर दाबला जातो ते जड चाक, बसतं तिथेच. त्यामुळे स्टँडवर असताना क्लच लावता येत नाही. आधी इंजिन क्रेनला लटकवा, स्टँड सोडवा, इंजिन एका भक्कम लाकडी चौकटीवर किंवा टायरवर टेकवा पण साखळी ताणलेलीच ठेवा, आणि मग मागची बाजू करायला घ्या.

साखळी ब्लॉकच्या किंवा हेडच्या मूळ लिफ्टिंगच्या जागांना लावायची. बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा वरचे, आणि व्यासाच्या किमान दीडपट आटे आत गेलेले पाहिजेत, म्हणजे १० मिमीच्या बोल्टचे १५ मिमी. बोल्ट फार लांब आणि साखळी टोकाला अशी रचना नको, तो वाकतो. इनलेट मॅनिफोल्डला किंवा रॉकर कव्हरला साखळी लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

मागची बाजू उघडी आहे तोवर तीन गोष्टी. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील, ब्लॉकच्या पाठीवरची पत्र्याची बुचं, आणि क्रँकच्या टोकातला पायलट बुश, ज्यात गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक बसतं. तिन्ही स्वस्त, आणि तिन्हींपर्यंत नंतर पोचायचं म्हणजे परत सगळं बाहेर. पितळेसारखा दिसणारा सच्छिद्र बुश असेल तर तो बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवा, तो तेल पितो आणि तेच त्याचं आयुष्यभराचं वंगण.

काही इंजिनांना ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) मध्ये एक पातळ पत्र्याची प्लेट असते. ती फ्लायव्हीलच्या आधी घालायची असते! फ्लायव्हील टॉर्क करून, क्लच बसवून, हात धुवून झाल्यावर ती प्लेट भिंतीला टेकून उभी दिसली की माणूस स्वतःशीच हसतो. मी हसलोय.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन, थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून, टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. काही इंजिनांत ही भोकं थेट आत क्रँककेसमध्ये उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लावलं नाही तर बोल्टच्या आट्यांमधून तेल येतं आणि आपण सीलला शिव्या घालत बसतो. फ्लायव्हीलचं तोंड ब्रेक क्लीनरने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका.

आता क्लच प्लेट. तिच्या एका बाजूला मधला हब आणि स्प्रिंगा जास्त बाहेर आलेल्या असतात, ती बाजू बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे, सपाट बाजू फ्लायव्हीलकडे. बऱ्याच प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली पण असते. मी पहिल्यांदा ती उलटी बसवली. सगळं छान जुळलं, इंजिन बसलं, चालू पण झालं, आणि क्लच दाबून गिअर टाकायला गेलो तर नुसती खर्र. पेडल ठीक, हवा काढून झाली, परत काढली, सिलिंडर बदलला, दोन दिवस यात घालवले. प्लेटचा हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकत होता. अख्खं इंजिन परत बाहेर. तेव्हापासून प्लेट हातात धरून एकदा फोटो काढतो, बसवल्यावर परत एक काढतो, कारण रात्री झोपताना शंका येते ना.

प्लेट मध्यावर धरायला अलाइनमेंट टूल वापरा, प्लॅस्टिकचं चालतं, जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर सगळ्यात उत्तम. प्रेशर प्लेटचे, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या कव्हरचे, बोल्ट समोरासमोर एक-एक फेरा देत कसायचे, एकच बाजू पूर्ण कसली तर कव्हर वाकतं. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला ग्रीस अगदी नावाला, लावून पुसून टाकल्यावर जेवढं उरतं तेवढंच. जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, नवीन टाका, जुनं कितीही चांगलं वाटलं तरी.

गिअरबॉक्स जोडणं

या एका पायरीला घाई करू नका, बाकी कुठेही करा. ब्लॉकच्या मागच्या तोंडावर दोन डॉवेल असतात, बहुतेक वेळा पोकळ नळीसारखे. ते आहेत ना, नीट बसलेत ना ते बघा. बोल्ट फक्त आवळून धरतात, मध्य जुळवायचं काम डॉवेलचं. ते नसले तर गिअरबॉक्स केसभर सरकून बसतो आणि मग क्लच थरथरतो, पायलट बुश झिजतो.

दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांना स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच पाडा आणि ब्लॉकच्या वरच्या दोन भोकांत बसवा, झाले तुमचे गाइड. गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर ठेवून इंजिनच्या रेषेत आणा, गिअरमध्ये टाका, आणि एकाने ढकलताना दुसऱ्याने मागचा फ्लँज, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडायची तबकडी, हळूहळू फिरवायचा, म्हणजे स्प्लाइन शोधून आपोआप आत जातात. शेवटच्या एक सेंटिमीटरवर अडतो. अडणारच. तिथे शाफ्टचं टोक पायलट बुशच्या तोंडाशी असतं. आता खाली वाकून चारी बाजूंची फट बघा, वर १० मिमी आणि खाली ६ असेल तर गिअरबॉक्सचं शेपूट खाली लोंबतंय, जॅक जरा वर. फट सगळीकडे सारखी झाली की हाताने हलकं डुलवत ढकला आणि तो "ठक" करून बसतो. तो आवाज ऐकायला फार बरं वाटतं.

आणि नाहीच बसला तर? बोल्टने ओढायचा नाही. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. फट उरलेली असताना बोल्ट कसत गेलात तर क्लच प्लेटचा हब वाकतो, नाहीतर बेल हाउसिंगचा ॲल्युमिनियमचा कान तडकतो. माझ्या एका मित्राच्या गाडीला आम्ही हेच केलं, "बस्स, अजून अर्धा फेरा" असं म्हणेपर्यंत टक् करून आवाज आला आणि दोघंही एकमेकांकडे न बघता गप्प उभे. वेगळं करून बघितलं तर क्लच प्लेट जेमतेम दोन मिमी मध्यावरून सरकलेली होती. अलाइनमेंट टूल परत घालून दहा मिनिटांत झालं असतं. अजून एक, अर्धवट आत गेलेला गिअरबॉक्स कधीही नुसत्या शाफ्टवर लटकत सोडू नका, फोन आला तरी नाही.

ऑटोमॅटिक असेल तर क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर. तो आधी गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसवायचा, फिरवत ढकलला की दोन-तीनदा आत सरकल्याचा धक्का हाताला जाणवतो. एक टप्पा राहिला तरी बोल्ट कसताना पंपाचा चुरा. ओळखायची खूण अशी की बेल हाउसिंग ब्लॉकला पूर्ण टेकल्यावरसुद्धा कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या व फ्लेक्सप्लेटच्या (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ प्लेट) मध्ये थोडी फट, साधारण ३ ते ५ मिमी, राहिली पाहिजे, मग तो पुढे ओढून बोल्ट लावायचे. कन्व्हर्टरमध्ये आधीच लिटरभर तेल ओतून ठेवा.

बेल हाउसिंगचे बोल्ट १० मिमीचे ८.८ ग्रेडचे असतील तर साधारण ४५ न्यूटन मीटर, ८ मिमीचे असतील तर २५च्या आसपास, आटे ॲल्युमिनियममध्ये असतील तर त्याहून कमी. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर माझा सोडा, तोच पाळा.

सोडण्याआधी काय लावायचं, काय नाही

कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, फॅन, डायनामो किंवा अल्टरनेटर काढून ठेवा, हे सगळे आपटण्यात पहिले. उघड्या भोकांना चिंधी कोंबू नका, ती आत राहते, वरून टेप मारा. ऑइल फिल्टर, माउंटिंगचे ब्रॅकेट, ऑइल प्रेशरची वायर जिथे लागते तो सेन्सर, हे आत्ता लावा. सेल्फ मोटार गाडीवर अवलंबून, काहींत नंतर हात जात नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या बाजूला असेल तर मी आधी नुसता ठेवून बघतो की त्याच्यासकट खाली जाईल का.

गिअरबॉक्समध्ये तेल आत्ता भरू नका. शेपूट खाली झालं की ते सगळं मागून फरशीवर येतं. थोडंफार उरलेलं असतंच, म्हणून शेपटावर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड.

खाली सोडताना

दोन माणसं लागतात, तीन असली तर बरं, पाच नकोत. एकाने फक्त क्रेनचा व्हॉल्व्ह सांभाळायचा आणि सूचना एकाच माणसाच्या ऐकायच्या. आमच्याकडे पहिल्यांदा मेव्हणा "सोड" म्हणत होता आणि भाऊ "थांब", आणि मी दोघांचं ऐकत होतो. व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नाही, जराशी पिळ, दोन सेंटिमीटर खाली, बंद. लटकलेल्या इंजिनाखाली शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही, आणि इंजिन व फायरवॉल यांच्या मध्ये बोटं तर नाहीच नाही.

लेव्हलर फिरवून शेपूट खाली करा, ३० ते ४० अंश, काही गाड्यांत त्याहूनही जास्त तिरकं लागतं. शेपूट पुढच्या पॅनलवरून आत, मग क्रेन पुढे, मग थोडं खाली, मग लेव्हलरने थोडं सपाट, परत क्रेन पुढे. हेच चक्र दहा-बारा वेळा. गाडीखाली टनेलच्या (गिअरबॉक्ससाठी तळाच्या पत्र्यात असलेला उंचवटा) तोंडाशी जुन्या सतरंजीचा तुकडा टाका म्हणजे शेपूट त्यावर टेकून घसरत मागे जातं, आणि मग तिथे ट्रॉली जॅक घालून, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, शेपूट उचलत न्यायचं.

कुठेतरी अडेल. सम्प आणि खालचा क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी), पुढची पुली आणि पॅनल, क्लचचा बाहेर आलेला दांडा आणि चासी, गिअरचा टॉवर आणि टनेलची वरची कड, या चार नेहमीच्या जागा. अडलं की माणसाचा हात आपोआप इंजिनावर वजन टाकायला जातो. त्याऐवजी दोन सेंटिमीटर वर उचला, टॉर्च घ्या आणि चारही जागा बघा. माझ्या दुसऱ्या वेळी कुठेच काही लागत नव्हतं आणि तरी खाली जाईना, वीस मिनिटांनी दिसलं की ब्रेकचा पाइप माउंटिंगच्या ब्रॅकेटखाली चेपायला आला होता. वर बसून जोर लावला असता तर तो गेलाच होता, आणि नवीन इंजिनाच्या आनंदात ते कळलं पण नसतं.

माउंटिंगची भोकं जवळ आली की बारीक पहार किंवा निमुळता पंच घालून रेषेत आणा, बोटाने चाचपू नका, दोन पत्रे कात्रीसारखे सरकतात. दोन्ही बाजूंचे बोल्ट हाताने चार-पाच आटे फिरवा आणि तसेच सैल सोडा. मग मागे या. गिअरबॉक्स टनेलमध्ये पूर्ण वर नेण्याआधी स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स लाइटच्या वायरी लावा, नंतर तिथे हात शिरत नाही. मग क्रॉसमेंबर, तोही सैल. आता क्रेनचं वजन हळूहळू काढा, इंजिन दोन्ही हातांनी जरा हलवा, ते आपल्या वजनाने रबरावर बसतं, आणि मगच सगळं टॉर्क करा. एक माउंटिंग आधीच कसून दुसरं ओढून लावलं तर रबर पिळलेलं राहतं आणि आयडलला अख्खी गाडी थरथरते. साखळी सगळ्यात शेवटी काढायची, सगळे नट पूर्ण चढल्यावर.

खालचं काम

प्रोपेलर शाफ्ट काढताना खुणा केल्या असतील तर त्याच खुणांवर लावा, नसतील तर हलकं व्हायब्रेशन आलं की फ्लँज अर्धा फिरवून बघा. सरकणारा योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक, गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकलून मग साधारण २० ते २५ मिमी बाहेर अशा जागी यायला हवा, मागचा ॲक्सल वर-खाली होताना त्याला जागा लागते. मूळचंच इंजिन-गिअरबॉक्स असेल तर कोनाचा विचार करावा लागत नाही, पण दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स घालत असाल तर त्याचा शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलचा पिनियन साधारण समांतर हवेत, एका अंशाच्या आत. मोबाइलमधल्या लेव्हलने मोजता येतं.

गिअरबॉक्सचं तेल बाजूच्या बुचाच्या भोकातून वाहायला लागेपर्यंत भरा, गाडी सपाट असताना. पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) असलेल्या जुन्या बॉक्सला जीएल-५ दर्जाचं गिअर तेल नको, त्यातली काही ॲडिटिव्ह पिवळ्या धातूला खातात, जीएल-४ घ्या, आणि काही बॉक्सना चक्क इंजिन ऑइलच लागतं तेव्हा मॅन्युअल बघा. क्लचची हवा काढा, दांड्याला थोडी मोकळीक ठेवा. एक्झॉस्ट पाइप जोडताना आधी सगळे सैल, मग पुढून मागे कसत जा.

वरचं काम आणि ती अर्थिंगची पट्टी

होज, क्लिपा, रेडिएटर, फॅन, यात सांगण्यासारखं काही नाही. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र जुने परत लावू नका, आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने ते फुगतात आणि तडकतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडून बघा, झटकन परत येतो ना.

इंजिन रबरावर बसतं म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने वेगळंच असतं, म्हणून इंजिन ते चासी अशी एक जाड विणलेली अर्थिंगची पट्टी असते. ती विसरलात तर सेल्फ मारताना शेकडो अँपिअर करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. मी सेल्फ मारला तर मोटार कशीबशी कण्हली आणि डॅशबोर्डमधून धूर, चोकची नॉब हाताला चटका लागेल इतकी गरम. केबलचं प्लॅस्टिक वितळून आतली तार चिकटून बसली होती. पट्टीच्या दोन्ही जागा रंग खरवडून चकचकीत करा आणि मग लावा.

पहिल्यांदा चालू करताना

इंजिन ऑइल आणि कूलंट भरा, कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर. सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारत रहा, मध्ये थांबत, ऑइलचा काटा उठेपर्यंत किंवा लाइट विझेपर्यंत. नाही उठला तर चालू करायचं नाही, कारण शोधायचं.

डिस्ट्रिब्युटर लावताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणा, पण कॉम्प्रेशनच्या फेऱ्यातला. पुलीवरची खूण चार स्ट्रोकमध्ये दोनदा जुळते आणि एकच बरोबर असते. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा, हवा अंगठा ढकलत असताना जी खूण जुळते ती आपली, रोटरचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या तुकड्याचं, तोंड तेव्हा पहिल्या प्लगच्या वायरीकडे पाहिजे. उलटं झालं तर इंजिन चालू होत नाही, कार्ब्युरेटरमधून भडका मारून शिंकतं, त्यामुळे पहिल्या प्रयत्नाला एअर क्लीनरशिवाय वर वाकून बघत उभं राहू नका.

नवीन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्यावर घासत चालणारे सपाट टॅपेट टाकले असतील तर चालू झाल्या झाल्या आयडलवर सोडायचं नाही, लगेच २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं, रेव्ह थोडे वर-खाली करत, आणि ऑइल झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं. म्हणूनच पेट्रोल, टायमिंग, पाणी सगळं आधीच बरोबर हवं, दर मिनिटाला बंद करत बसलात तर कॅम घासला जातो. फक्त इंजिन काढून तेच परत बसवलं असेल तर ही भानगड नाही. त्या वीस मिनिटांत एकाने काटे बघायचे आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन गळती. एक्झॉस्टवरून थोडा धूर येणारच, ते तुमच्या हातांचं ग्रीस जळतंय.

थंड झाल्यावर माउंटिंग, मॅनिफोल्ड, होजच्या क्लिपा परत एकदा कसा, आणि शंभर किलोमीटरनंतर अजून एकदा. नवीन क्लचला पहिले ४००-५०० किलोमीटर चढावर रेटू नका.

बोनेट शेवटी, दोघांनी धरून, मार्करच्या रेघांवर. लगेच दाणकन बंद करू नका मात्र. नवीन रबर जुन्या चेपलेल्या रबरापेक्षा उंच असतं, इंजिन थोडं वर आलेलं असतं. एअर क्लीनरच्या टोपणावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा एक गोळा ठेवा, बोनेट हलकेच टेकवा आणि उघडा. माझा गोळा कागदाएवढा चपटा झाला होता, म्हणजे पहिल्या खड्ड्यात बोनेटला आतून टेंगूळ नक्की. एअर क्लीनरखालचा रबरी स्पेसर काढून पातळ पॅकिंग टाकलं, परत गोळा ठेवला, या वेळी अंगठ्याएवढा जाड निघाला, मग बोनेट बंद केलं.